एच.आय.व्ही. चिकित्सा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र : चतुष्पादाच्या दृष्टीने एक विचार

प्रास्ताविक

सन २००३ मधील गोष्ट आहे. फलटण परिसरातील माझ्या दवाखान्यात मालमोटारीवर चालक असलेला एक तरुण जुनाट अतिसाराची तक्रार घेऊन आला. वजन बरेच उतरलेले, मुखात पांढरे चट्टे, सायंकाळी अंगात कसर. ग्रहणी समजून पर्पटी कल्प, तक्र आणि पथ्य यांवर मी त्यास सुमारे चार महिने ठेवले. मध्येच बरे वाटे, पुन्हा व्याधी उलटे. रक्ताची चाचणी सुचवावी, असे मनात एकदा नव्हे, अनेकदा येऊन गेले. परंतु घर ओळखीचे, वडील रोजच्या उठण्याबसण्यातले. विचारावे कसे, या संकोचाने मी गप्प राहिलो. पुढे शहरात निदान झाले तेव्हा वेळ निघून गेली होती. पत्नीची तपासणी त्याच्या मृत्यूनंतर झाली. लक्षणे मला ठाऊक होती, धैर्य मात्र कमी पडले, ही बोच आजही कायम आहे.

हा प्रसंग प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, एच.आय.व्ही.ची चिकित्सा रुग्णाच्या घराजवळ, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावच्या दवाखान्यात नेण्याचा विचार होतो, तेव्हा चर्चा बहुधा औषधे, यंत्रे आणि इमारती यांची होते. प्रत्यक्षात या कार्यातील सर्वांत कठीण अडथळा जवळिकीतूनच निर्माण होतो. जेथे वैद्य आणि रुग्ण एकमेकांना ओळखतात तेथे सेवा सुलभ असते, पण गुप्तता दुर्लभ असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्या परिचयाच्या चतुष्पाद सिद्धांताच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे.

उपचाराची वाटचाल

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच 'नॅको', १९९२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजेच 'संग्राम'ने, आपल्या कार्यास आरंभ केला. विषाणूरोधक औषधांचा त्रिवेणी उपचार १९९६ च्या सुमारास जगात रूढ झाला, परंतु त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. सन २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीन औषधांचा हा उपचार सेवाभावी संस्थेस वर्षाला ३५० डॉलर इतक्या कमी किमतीत देऊ केला आणि गरीब देशांतही उपचार शक्य आहे, हे जगास मान्य करावे लागले. १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने निवडक रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला.

तेव्हा रक्तातील सी.डी.४ पेशी दर घन मिलिमीटरला २०० च्या खाली उतरल्यावरच सामान्यतः औषधे सुरू होत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर सरकत गेली आणि २०१७ पासून चाचणीत संसर्ग निश्चित होताच उपचार द्यावा, असे धोरण स्वीकारले गेले. औषधेही बदलली. स्टॅव्ह्युडिनमुळे हातापायांस होणारी आग आणि गालफडे बसणे, झिडोव्ह्युडिनमुळे होणारी रक्ताल्पता, नेव्हिरापीनमुळे उठणारे पुरळ, एफाविरेन्झमुळे पडणारी भयावह स्वप्ने यांनी त्रस्त झालेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आज बहुसंख्य प्रौढ रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर या तीन औषधांची एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ही गोळी नियमित घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू न आढळण्याच्या स्थितीत राहणाऱ्या व्यक्तीपासून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता शास्त्राने निश्चित केले आहे. असे रुग्ण दीर्घायुष्य जगतात. म्हणजे हा रोग आता मधुमेहाप्रमाणे आयुष्यभर सांभाळण्याचा झाला आहे, आणि आयुष्यभराची सांभाळणूक दूरच्या शहरातून होत नाही. म्हणूनच प्राथमिक आरोग्य केंद्राचा विचार अपरिहार्य ठरतो.

अंतराचा हिशेब

तिसऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमात (२००७ ते २०१२) सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची गणना अधिक संसर्गाच्या 'अ' वर्गात झाली होती. यामागील कारणे आपल्या समाजरचनेत आहेत. सातारा जिल्ह्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत गिरणीत आणि माथाडी कामावर गेले. सांगलीच्या खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर पसरले. फलटणच्या साखरपट्ट्यात दरवर्षी मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगार येतात आणि हंगाम संपताच परततात. पुरुष बाहेर, स्त्री गावी, अशा स्थितीत अनेक स्त्रियांना स्वतःच्या संसर्गाची वार्ता गर्भारपणातील तपासणीत अथवा पतीच्या मृत्यूनंतरच समजली.

फलटणहून साताऱ्यास जायचे तर अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. दरमहा औषधासाठी एक फेरी धरली तर वर्षाला सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास होतो. एस.टी.चे भाडे, बुडालेला रोजगार आणि 'दर महिन्याला कुठे जातोस?' या प्रश्नाची उत्तरे, असा तिहेरी भार रुग्णास उचलावा लागतो. बरड, तरडगाव, गिरवी यांसारख्या गावांतून निघणाऱ्यास त्यात आणखी एक बस बदलावी लागते.

हे अंतर कमी करण्यासाठी शासनाने क्रमाने व्यवस्था उभी केली. चाचणीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, उपचारास प्रारंभ करणारी ए.आर.टी. केंद्रे आणि प्रकृती स्थिर झालेल्या रुग्णांस जवळून औषध मिळावे म्हणून 'लिंक' ए.आर.टी. केंद्रे, अशी ही साखळी आहे. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्राथमिक चाचणी होते. ती होकारार्थी आल्यास निराळ्या तत्त्वांवर आधारलेल्या आणखी दोन चाचण्यांनी निदान निश्चित केल्याशिवाय कोणासही बाधित म्हणावयाचे नसते. स्थिर रुग्णांस एकाच वेळी दोन-तीन महिन्यांची औषधे देण्याची पद्धतही रुजली असून २०२० च्या टाळेबंदीत तिचा मोठा उपयोग झाला.

इतके असूनही अडचणी उरतात. त्या कोणत्या, ते आता पाहू.

चिकित्सेचे चार पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगून प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत. यांतील एकही पाद लंगडा असता चिकित्सा सिद्धीस जात नाही. एच.आय.व्ही.च्या संदर्भात ही मांडणी आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते.

(१) भिषक् : वैद्याच्या गुणांत शास्त्रज्ञानासोबत वारंवार प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, म्हणजे दृष्टकर्मता, आवश्यक मानली आहे. येथेच प्राथमिक केंद्राची पहिली अडचण आहे. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व महाराष्ट्रात सुमारे ३.९ लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत होत्या. राज्याच्या लोकसंख्येशी ताडून पाहता हे प्रमाण दर हजारी तीनच्या आसपास येते. सपाट प्रदेशात एका प्राथमिक केंद्राकडे सुमारे ३० हजार लोकवस्ती असते, म्हणजे सरासरीने नव्वदच्या आसपास रुग्ण. खेड्यात ही संख्या याहूनही कमी असणार, आणि त्यातले बरेच जण अन्यत्र जाणारे. अशा स्थितीत वैद्यकीय अधिकाऱ्यास अनुभव मिळावा कसा? मिळाला तरी त्याची बदली होते आणि नवा अधिकारी पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

दक्षिण आफ्रिकेत लुसिकिसिकी नावाच्या ग्रामीण भागात २००३ पासून छोट्या दवाखान्यांतून परिचारिकांच्या हस्ते ही चिकित्सा देण्याचा प्रयोग झाला, आणि २०१० पासून त्या देशाने परिचारिकांनी उपचार सुरू करण्याची पद्धत सर्वत्र स्वीकारली. तो यशस्वी झाला हे खरे. परंतु तेथे संसर्गाचे प्रमाण इतके अधिक होते की प्रत्येक दवाखान्यात रोज असे रुग्ण येत आणि हात आपोआप बसत असे. आपल्याकडे रुग्ण विरळ आहेत. म्हणून उपचाराचा प्रारंभ व बदल तज्ज्ञ केंद्रात आणि पुढील सांभाळ गावाजवळ, ही विभागणीच आपल्या स्थितीस अधिक योग्य वाटते.

(२) द्रव्य : औषधाचा पहिला गुण 'बहुता', म्हणजे विपुलता. मधुमेहाची गोळी संपली तर रुग्ण चार दिवसांनी दुकानातून आणील. ही गोळी मात्र खंडित झाली की विषाणूला संधी मिळते व औषध-प्रतिरोध निर्माण होण्याचा धोका वाढतो. पूर्वी दिवसातून दोन वेळा गोळ्या असताना महिन्याच्या ६० मात्रांपैकी तीनहून अधिक चुकल्या तरी नियमितता ९५ टक्क्यांच्या खाली जाई. आज एकच गोळी असली तरी महिन्यात दोन दिवस चुकले की तीच गत होते. लहान केंद्रात थोड्या रुग्णांसाठी साठा ठेवणे अवघड असते. जादा ठेवला तर मुदत संपते, बेताचा ठेवला तर पाऊस, संप वा वाहनाचा बिघाड यांपैकी काहीही साखळी तोडते.

तिसरा गुण 'अनेकविध कल्पना', म्हणजे निरनिराळ्या स्वरूपांत उपलब्धता. बालकांसाठी वजनाप्रमाणे मात्रा, नवजात अर्भकासाठी द्रव औषध, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्रॅव्हिरची वाढीव मात्रा, या सर्व गोष्टी एका छोट्या कपाटात मावत नाहीत.

(३) उपस्थाता : परिचारक उपचारज्ञ, दक्ष, रुग्णाविषयी अनुराग असणारा आणि शुचि असावा. शुचि शब्दाचा अर्थ येथे मनाच्या शुद्धतेपर्यंत न्यावा लागतो. गावातील परिचारिका शेजारच्या आळीत राहते, औषध देणारा कर्मचारी कोणाचा तरी सोयरा असतो. नोंदवहीतील एक नाव उघडे पडले तरी मुलीचे लग्न मोडते, हॉटेलातील काम सुटते, विधवेस सासरच्या जमिनीचा वाटा नाकारला जातो. या भीतीने अनेक रुग्ण जवळचे केंद्र सोडून मुद्दाम दूरचे केंद्र निवडतात. अंतर त्यांना परवडत नाही, पण ओळख त्याहून परवडत नाही. औषध जवळ आणले आणि रुग्ण मात्र दूर गेला, अशी ही विचित्र स्थिती आहे.

यावर उपायाची दिशा सांगलीने दाखवली आहे. 'संग्राम'ने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच आपल्या मैत्रिणींना माहिती व निरोध पोहोचविण्याचे काम दिले आणि त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्याला त्या दुःखाचा अनुभव आहे त्याचा अनुराग शिकवावा लागत नाही. पाचगणीचे बेल-एअर रुग्णालय हेही या दृष्टीने स्मरणीय आहे. १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू झालेल्या या आरोग्यधामाने पुढे एच.आय.व्ही. रुग्णांस आश्रय दिला. ज्या रोग्यांपासून समाज दूर पळत असे, त्यांना जवळ करण्याची जुनी सवय तेथे कामी आली.

(४) रोगी : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे रुग्णाचे चार गुण. रोज ठरावीक वेळी गोळीची आठवण राहणे ही स्मृती. बरे वाटू लागल्यावरही ती न थांबविणे हे निर्देशकारित्व. न लपता उपचारास येणे हे अभीरुत्व, आणि आपली सर्व लक्षणे व चाललेली औषधे वैद्यास मोकळेपणाने सांगणे हे ज्ञापकत्व. यांतील शेवटचे दोन गुण रुग्णात उपजत असावेत, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते त्याला वैद्याकडून आणि समाजाकडून मिळावे लागतात. जो रुग्ण घरच्यांपासून गोळ्यांची डबी धान्याच्या कोठीत लपवितो, त्याला निर्भयतेचा उपदेश करून काय साधणार?

आयुर्वेदीय चिकित्सकांचे स्थान

आपले अनेक वैद्यबंधू व भगिनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून कार्यरत आहेत, आणि गावोगावचे खाजगी दवाखाने बव्हंशी आपलेच आहेत. म्हणजे रुग्ण प्रथम येतो तो आपल्याकडे. तेव्हा पुढील गोष्टी आपल्या आचरणात याव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट शंका घेण्याची. महिनाभर टिकणारा अतिसार वा ज्वर, वेगाने उतरणारे वजन, मुखपाक, नागीण, वारंवार होणारे त्वग्विकार आणि प्रत्येक क्षयरोगी, यांना चाचणी सुचविलीच पाहिजे. 'क्षयाच्या सर्वच रुग्णांना ही तपासणी सांगतो' असे म्हटले की विचारण्यातील संकोच निम्मा होतो. गर्भिणीस ही चाचणी अवश्य सांगावी. आईवर वेळीच उपचार झाल्यास बालक बहुतांशी सुरक्षित राहते.

दुसरी गोष्ट दाव्यांची. राजयक्ष्मा आणि ओजक्षय यांची संहितोक्त लक्षणे या रोग्यांत दिसतात, म्हणून रसायन चिकित्सेने तो समूळ बरा होतो, असा निष्कर्ष काढणे शास्त्रास धरून होणार नाही. औषधविषयक नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये, ज्या रोगांवर बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांच्या यादीत, एड्सचा समावेश आहे. कायदा नसता तरीही, आपल्या शब्दावर विश्वासून एखाद्याने चालू गोळी बंद केली तर त्याच्या प्राणांचे उत्तरदायित्व आपल्यावरच येते. गुडूची, आमलकी, अश्वगंधा यांचा बल्य म्हणून विचार करावयाचा असेल तरी तो चालू औषधांसोबत, ए.आर.टी. केंद्रास कळवून व्हावा, त्यांच्या जागी कदापि नव्हे.

तिसरी गोष्ट औषधांच्या परस्परसंबंधाची, आणि ती विशेषतः आपल्याशी निगडित आहे. लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम यांच्यासोबत डोल्युटेग्रॅव्हिर घेतल्यास त्याचे शोषण घटते. म्हणून उपाशीपोटी ही गोळी अशा औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेण्यास सांगतात. त्याच न्यायाने लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ, जसदभस्म हे कल्प देताना हेच अंतर राखणे शहाणपणाचे आहे. पिंपळी व मिरी यांतील पायपरीन काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, हेही ध्यानात असावे. टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या वृक्कांवर लक्ष ठेवावे लागते. तेथे खनिज कल्पांचा अनिर्बंध वापर टाळावा. क्षीण रुग्णात शोधन निषिद्ध मानले आहे, आणि गोळी घेतल्यानंतर लगेच वमन झाल्यास ती मात्राच वाया जाते, एवढे सांगणे पुरे.

चौथी गोष्ट आपल्या कर्मशुद्धीची. रक्तमोक्षण, क्षारसूत्र, अग्निकर्म करताना प्रत्येक रुग्ण बाधित असू शकतो असे मानून हातमोजे व निर्जंतुक साधने वापरावीत. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास कधीही लावू नये. सुई टोचल्यास प्रतिबंधक उपचार शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाचा असतो. तो कोठे मिळतो, याची माहिती दवाखान्यात लिहून ठेवावी.

पाचवी गोष्ट मौनाची. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संमतीवाचून चाचणी, गुप्ततेचा भंग आणि उपचार नाकारणे हे आता केवळ नीतीचे नव्हे, कायद्याचेही उल्लंघन आहे. केसपत्रावर लाल शाईने खूण करणे, रुग्णास सर्वांत शेवटी बोलावणे, पुढच्या डॉक्टरांना सर्वांसमक्ष दूरध्वनीवर सांगणे, या लहान वाटणाऱ्या कृतींनीच गावभर बातमी पोहोचते.

समारोप

चिकित्सा जवळ नेणे म्हणजे चारही पाद जवळ नेणे. गोळी तर पोहोचू शकते. अनुभवी वैद्याचा सल्ला, अखंड साठा, जिभेवर ताबा असलेला परिचारक आणि भय उतरलेला रुग्ण हेही तितक्याच निश्चयाने पोहोचले पाहिजेत. यांतील पहिल्या दोन गोष्टी शासनाच्या हाती आहेत. उरलेल्या दोन बहुतांशी आपल्या हाती आहेत, कारण गावात जो विश्वास लागतो तो आपल्याकडे आधीपासून आहे.

मला २००३ मध्ये त्या तरुणाशी बोलण्यासाठी चार वाक्ये सुचली नाहीत. आज ती मी पाठ करून ठेवली आहेत : 'ही तपासणी मी अनेकांना सांगतो. तुमच्या होकाराशिवाय होणार नाही. निकाल तुमच्या-माझ्यात राहील. काही निघालेच तर त्यावर उपचार आहे आणि मी तुमच्यासोबत आहे.' आपल्यापैकी प्रत्येकाने अशी चार वाक्ये आपल्या शब्दांत तयार ठेवावीत, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती.